सगळ्यात खालचा शेरा

मावशी: आणि हे बघ, सत्तावन्न नंबरचं पान. पेशंटचं डोकं गादीवरच कसं धुवायचं. इथे मी लिहिलंय, ‘कोमट पाणी घ्या.’ कोमट म्हणजे किती कोमट? कोणी कढत ओतलं असेल तर?

चिंगी: मावशी, कोमट म्हणजे कोमट. कढत कोण ओतेल?

मावशी: लोक काय वाट्टेल ते करतात. एकीने मला विचारलं होतं, चादर बदलताना सासऱ्यांना तेवढ्यापुरतं जमिनीवर ठेवू का. म्हणून आता मी ‘आधी कोपर बुडवून बघा’ असं जोडलंय. तू वहीत टिकमार्क कर. सत्तावन्न झालं.

चिंगी: हे तू सगळी पानं पुन्हा वाचतेयस?

मावशी: नव्वदच्या नव्वद. छापूनच आणली कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून. लाल पेनाशिवाय मला चूक दिसत नाही. सव्वीस वर्षं शाळेत पोरींचे वाकडे टाके उसवायला लावले, तो डोळा अजून गेलेला नाही. पण ही चूक काही सापडत नाही बघ.

चिंगी: कुठली चूक?

मावशी: जिच्यामुळे माणसं गेली ती. अगं, रोज नऊशे-हजार माणसं यायची माझ्या साइटवर. चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी उघडून बघते तर दोनशे. पुढच्या सोमवारी साठ. काल अकरा. आणि त्या अकरातली चार तर मीच असते.

चिंगी: तू फोनवर मला हे सांगितलं नाहीस.

मावशी: काय सांगू? तू विचारतेस, बरी आहेस ना? मी म्हणते, बरी आहे. त्यात हे कुठे बसवायचं? मला आधी वाटलं इंटरनेट बिघडलं. कॉम्प्युटर क्लासमधल्या सरांना विचारलं, ज्यांनी साइट काढून दिली त्यांना. ते म्हणाले, सगळं नीट चालू आहे. म्हणजे दुकान उघडं आहे, दिवा चालू आहे, पण गिऱ्हाईक समोरून निघून जातंय. तसं उगाच कोणी जातं का? माझ्या सांगण्याने कोणाचं तरी काही बरंवाईट झालं असणार. कोणीतरी तक्रार केली असणार.

चिंगी: तसं काही झालेलं नाही.

मावशी: तुला काय माहीत? दोन पानं तर मी काढूनच टाकली. नळीतून भरवण्याचं आणि ते एनिम्याचं.

चिंगी: काढलीस? का पण? ती पानं चांगली होती.

मावशी: वाचलीस तू?

चिंगी: ...वाचलीत.

मावशी: अगं बाई! मला वाटायचं तू ती साइट कधी उघडतच नाहीस. ताईच्या, तुझ्या आईच्या आजारपणाचं सगळं त्यात आहे, म्हणून तुला नको वाटत असेल. मी कधी विचारलंच नाही.

चिंगी: मावशी, ते लाल पेन खाली ठेव. मी सांगते काय झालंय. तुझ्या पानांत काही चूक नाही. सर्च करणाऱ्या कंपनीने त्यांची पद्धत बदलली आहे. आपण काही शोधलं की कोणाचं पान वर दाखवायचं आणि कोणाचं खाली, ते ठरवण्याची पद्धत. ती अधूनमधून बदलतात. या वेळी तब्येतीच्या विषयांत मोठी हॉस्पिटलं, औषधांच्या मोठ्या साइट्स, डॉक्टरांची नावं असलेली पानं वर गेली. आणि तुझ्यासारखी घरगुती पानं खाली गेली. पहिल्या पानावरून पार सहाव्या-सातव्या पानावर. तिथवर कोणी जात नाही.

मावशी: म्हणजे मला एकटीलाच नाही?

चिंगी: नाही गं. हजारो जण असतील. कोणी शिवणाचं लिहिणारा, कोणी झाडांचं, कोणी जुने रेडिओ दुरुस्त करणारा. सगळे असेच वह्या घेऊन बसले असतील.

मावशी: मग कळवायचं तरी. एक ओळ. की बाई, आम्ही तुमचं पान मागे टाकतोय, तुम्ही काही केलेलं नाही. चार महिने मी रात्री उठून बसतेय. कोणाच्या घरात काय झालं असेल याचा विचार करत.

चिंगी: कळवत नाहीत ते.

मावशी: पण तुला एवढं सगळं कसं गं माहीत? तू तर घरी बसून मुलांच्या पुस्तकांची प्रुफं तपासतेस ना?

चिंगी: ते बंद होऊन दोन वर्षं झाली. मी सांगितलं नाही तुला. नंतर मी हेच काम करत होते.

मावशी: हेच म्हणजे?

चिंगी: पानं तपासायचं. सर्चच्या कंपनीसाठी दुसरी एक कंपनी माणसं घेते. घरीच बसायचं. स्क्रीनवर एक प्रश्न येतो, कोणीतरी शोधलेला. आणि खाली एक पान येतं. ते वाचायचं आणि शेरा द्यायचा. उत्तम, बरं, खालचं, सगळ्यात खालचं. शेजारी दोन ओळी, का ते लिहायचं.

मावशी: म्हणजे पेपर तपासायचे! माझ्यासारखंच की. मग इतके दिवस लपवायचं कशाला? आणि मेले, तू तिथे बसली होतीस आणि मी इथे कोपर बुडवतेय! माझ्या एखाद्या पानाला द्यायचास की चांगला शेरा. हसतेय मी चिंगे. तसं चालत नसेल, कळतं मला.

चिंगी: आलं होतं.

मावशी: काय आलं होतं?

चिंगी: तुझं पान. शेरा द्यायला. पाठीच्या जखमांचं. रोज पन्नास-साठ पानं यायची, कुठलीकुठली. एका दुपारी तुझं आलं. वर ‘अंथरुणाजवळ’ असं तुझ्या साइटचं नाव, आणि खाली ते तू काढलेलं टाचांच्या उशीचं चित्र.

मावशी: मग?

चिंगी: सगळ्यात खालचा शेरा दिला मी.

मावशी: ...अच्छा.

चिंगी: आम्हाला नियमांचं पुस्तक असतं. दीडशे पानांचं. त्यात लिहिलंय, माणसाच्या तब्येतीचा, जिवाचा प्रश्न असेल तिथे कडक राहा. लिहिणारा डॉक्टर आहे का, नर्स आहे का, बघा. तुझ्या पानावर कुठेच नाही, तू कोण ते. नुसतं ‘एक मावशी’ असं लिहिलंयस खाली.

मावशी: मग दुसरं काय लिहू? आहेच मी मावशी.

चिंगी: आणि एका माणसाच्या शेऱ्याने पान खाली जात नाही, असं आम्हाला सांगतात. हजारो माणसं शेरे देतात. नवी पद्धत नीट चालते की नाही, एवढंच त्यावरून बघतात म्हणे.

मावशी: म्हणजे तुझ्यामुळे झालं नाही.

चिंगी: बहुतेक नाही.

मावशी: बहुतेक?

चिंगी: आत नेमकं काय होतं, ते कोणालाच सांगत नाहीत. मी शेरा दिला आणि तीन आठवड्यांनी तुझी माणसं गेली. एवढंच मला माहीत आहे.

मावशी: हे बघ, इकडे बघ. माझ्या वर्गात शेजारणीची मुलगी होती. तिचा ब्लाउज वाकडा शिवलेला. शेजारीण रोज पाणी भरताना भेटायची, तरी मी नापासच केलं. तुझंही तेच. नात्यातली म्हणून तू मार्क वाढवून दिले नाहीस. नियमाने वागलीस. त्यात इतकं तोंड पाडून बसायला काय झालं?

चिंगी: असं म्हणू नकोस.

मावशी: का? खरंच सांगते. डॉक्टर नाहीच मी. उद्या माझ्यासारख्या दुसऱ्या कोणी काहीबाही लिहिलं असतं, जखमेला शेण लावा म्हणून, तर तूच ते अडवलं असतंस की नाही? मग मला वेगळा नियम कशाला? ...थांब, फोन वाजतोय. तो डब्यावर ठेवलाय तो दे. नाही, स्पीकरवरच लाव, उजव्या कानाने मला धड ऐकू येत नाही. हॅलो?

फोनवरचे काका: हॅलो, ताई? नमस्कार. ते पेशंटच्या सेवेचं लिहिणाऱ्या ताईच ना?

मावशी: हो हो, बोला.

फोनवरचे काका: मी आपलं, मागच्या वर्षी एकदा बोललो होतो आपल्याशी. मी बस चालवायचो, आता रिटायर आहे. मिसेस अंथरुणावर आहेत माझ्या. कूस कशी बदलायची ते तुम्ही समजावलं होतं मला.

मावशी: आठवलं. तुम्ही म्हणाला होतात, बस वळवणं सोपं.

फोनवरचे काका: हां, तोच मी. ताई, तुम्ही साइट बंद केलीत का हो?

मावशी: नाही. का?

फोनवरचे काका: नाही, म्हणजे मला सापडली नाही. झालं असं, पंधरा दिवसांपूर्वी यांना घास गिळता येईना. ठसके लागायला लागले. मला वाटलं, ताईंनी यावर लिहिलेलं आहे, मी तेव्हा वरवर वाचलं होतं. साइटचं नाव काही लक्षात नव्हतं. म्हणून मोबाईलवर शोधलं, ‘भरवताना ठसका’. तर काय, गाद्यांच्या जाहिराती. ठसक्याची दहा कारणं. एका हॉस्पिटलचं पान, त्यात लिहिलंय तज्ज्ञांना भेटा. अहो भेटणार, पण दुपारचं जेवण तर द्यायचंय ना मला त्याच्या आधी.

मावशी: मग काय केलंत?

फोनवरचे काका: मी आपलं झोपवूनच भरवलं. डोक्याखाली एक उशी जास्त दिली. बसवलं तर त्यांची मान पडते, मला भीती वाटली. ते फुफ्फुसात गेलं ताई. ताप चढला. आठ दिवस हॉस्पिटलात होत्या. काल आणलंय घरी. तुमचा नंबर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला होता मागच्या वर्षीच्या, ते काल माळ्यावर मिळालं, म्हणून.

मावशी: आता कशा आहेत?

फोनवरचे काका: बघतायत माझ्याकडे. बऱ्या आहेत. डॉक्टर म्हणाले थोडक्यात वाचल्या. मी चुकलो ना ताई?

मावशी: तुम्हाला माहीत नव्हतं. ऐका आता, आणि लिहून घ्या. पाठीला आधार देऊन अगदी ताठ बसवायचं. मान पडते तर मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा. हनुवटी छातीकडे झुकलेली हवी, वर नाही. घास चहाच्या चमच्याने, अर्धा चमचा. पहिला गिळला हे बघितल्याशिवाय दुसरा नाही. बोलायचं नाही, हसवायचं नाही. जेवण झालं की अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं.

फोनवरचे काका: अर्धा तास... हां. लिहिलं. आणि पाणी?

मावशी: नुसतं पाणी सगळ्यात वाईट, सटकन श्वासनळीत जातं. ते घट्ट करून द्यायचं का, कसं, ते डॉक्टरांना आजच विचारा. मी सांगितलं म्हणून देऊ नका. आणि पुन्हा ठसका लागला, अंग गरम वाटलं, तर मला फोन करायचा नाही. सरळ हॉस्पिटल.

फोनवरचे काका: बरं. बरं ताई. साइटचं नाव पुन्हा एकदा सांगा, या वर्षीच्या कॅलेंडरवर लिहितो. म्हणजे पान आहे ना? मग दिसत का नाही?

मावशी: तेच बघतोय आम्ही. माझी भाची आलीये, तिला कळतं त्यातलं. ‘अंथरुणाजवळ’. हो. सगळं एकत्र लिहा. काळजी घ्या. स्वतःचीही.

फोनवरचे काका: हो. ठेवतो ताई.

मावशी: ...ठेवला. काय गं? पांढरी पडलीस अगदी. पाणी घे.

चिंगी: नको.

मावशी: अगं, त्यांच्या त्या झाल्या बऱ्या.

चिंगी: मावशी, नियमाने नाही दिला मी शेरा.

मावशी: काय?

चिंगी: नियम असा आहे की ओळखीच्या माणसाचं पान आलं तर ते सोडून द्यायचं. त्याला एक बटण असतं. एकदा दाबलं की दुसरं पान येतं. बस, एवढंच करायचं होतं मला. मी वाचत गेले. अर्ध्यावर आल्यावर ते वाक्य आलं.

मावशी: कुठलं?

चिंगी: तुला माहितेय कुठलं. ‘पेशंटची मुलगी महिन्यातून एकदा येई. दाराशी उभी राही, नाकाला रुमाल लावी, आणि अजून जखम भरली नाही का, असं मला विचारून जाई.’

मावशी: ...हं.

चिंगी: पाठ झालंय मला. रोज हजार माणसं ते वाचतात, असं माझ्या मनात आलं. कोणाला माझं नाव माहीत नाही, तरी मला वाटलं प्रत्येक जण माझ्याकडे बघतोय. दोन मिनिटं हात तसाच ठेवून बसले होते. मग सगळ्यात खालचं दाबलं. आणि शेजारच्या दोन ओळींत लिहिलं, ‘लेखिकेला पेशंटच्या सेवेचा प्रत्यक्ष अनुभव नाही. मजकूर विश्वास ठेवण्याजोगा नाही.’

मावशी: काय लिहिलंस?

चिंगी: अनुभव नाही असं.

मावशी: मला?

चिंगी: हो.

मावशी: सहा वर्षं, चिंगे. सहा वर्षं मी तिच्या खोलीत सतरंजी टाकून झोपले. दर दोन तासांनी गजर लावून. तुझं लग्न, तुझं घर बदलणं, तुझी प्रुफं, सगळं चालू होतं. एका शब्दाने मी तुला बोलले का कधी? आणि तू लिहितेस मला अनुभव नाही?

चिंगी: नाही बोललीस. पानावर लिहिलंस.

मावशी: त्यात खोटं काय होतं?

चिंगी: काहीच नाही. म्हणून तर.

मावशी: रुमाल नव्हता का नाकाला?

चिंगी: होता. मला तो वास सहन व्हायचा नाही. आईचा वास आहे तो, हे तर त्याहून नाही. रिक्षात बसले की हुश्श व्हायचं मला. मावशी, आईकडून निघाल्यावर मला हुश्श व्हायचं.

मावशी: थांब. आता काही बोलू नकोस. थोडा वेळ काहीही बोलू नकोस माझ्याशी.

(मावशी गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढून आणते आणि घड्या घालायला बसते.)

मावशी: त्या चादरीचं ते टोक धर.

चिंगी: धरलं.

मावशी: ओढ नीट. ...ती जखम कशी झाली, तुला माहीत आहे का?

चिंगी: पडून पडून होतेच ना. पानावर लिहिलंयस तू.

मावशी: पानावर मी लिहिलंय, ‘कितीही काळजी घेतली तरी जखम होऊ शकते.’ ते खरंच आहे, पण ताईची तशी झाली नाही. चौथ्या वर्षी मला ताप आला होता. अंग नुसतं भाजत होतं. मी गोळी घेतली आणि गजर बंद करून झोपले. मुद्दाम बंद केला. म्हटलं, एक रात्र. सकाळी जाग आली, पण उठवेना, दुपारपर्यंत तशीच लोळत राहिले. ताई तशीच उताणी. सोळा तास असतील, सतरा असतील. वळवलं तेव्हा माकडहाडावर लाल चट्टा होता, एवढा, रुपयाएवढा. चार दिवसांत तो फुटला. मग सहा महिने ती जखम.

चिंगी: तू आजारी होतीस.

मावशी: फोन होता ना घरात. तुला बोलावता आलं असतं. नाही बोलावलं. मला कोणाची गरज नाही, असं दाखवायचं होतं मला. तुला तर सगळ्यात आधी. एकटीने करते, असं सगळे म्हणायचे, ते ऐकायला गोड लागायचं. आणि मग तू आलीस, दारातून विचारलंस, अजून जखम भरली नाही का? मला वाटलं, हिला कळलंय. हिला सगळं कळलंय. तो राग होता माझा. पान लिहायला बसले तेव्हा माझी ती रात्र मी लिहिलीच नाही, आणि तुझा रुमाल मात्र लिहिला. लोकांनी तिकडे बघावं म्हणून. चार महिने नव्वद पानांत चूक शोधतेय. कोमट पाणी किती कोमट. जिथे चूक आहे हे ठाऊक होतं, तेवढं एक पान सोडून सगळीकडे लाल पेन फिरवलं. त्या पानाची तर झेरॉक्ससुद्धा दोनदा गठ्ठ्याच्या तळाशी सारली.

चिंगी: मला बोलावलं असतंस तरी मी आले असते का, माहीत नाही.

मावशी: तेही खरंच. ...उशीचा अभ्रा दे तो.

चिंगी: हा घे. मावशी, मी कंपनीला कळवलं. मागच्या आठवड्यात. की ते पान माझ्या सख्ख्या मावशीचं होतं, मी शेरा द्यायला नको होता, आणि जे लिहिलं ते खोटं होतं.

मावशी: मग? काय म्हणाले?

चिंगी: दोन ओळींचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, आणि आजपासून तुमचं काम थांबवत आहोत.

मावशी: आणि पानाचं?

चिंगी: पानाबद्दल काही नाही. तो शेरा काढला की तसाच आहे, कळायला मार्ग नाही. पुन्हा लिहिलं, तर ते पत्र परतच आलं.

मावशी: म्हणून आज कामाच्या दिवशी उगवलीस होय. मला वाटलं सुट्टी घेतलीस.

चिंगी: साइट पुन्हा वर येईल असं मी सांगू शकत नाही. खोटा धीर देणार नाही. आलीच तर वर्ष लागेल, नाहीतर नाहीच.

मावशी: नको देऊस. तो लॅपटॉप इकडे घे. पाठीच्या जखमांचं पान उघड.

चिंगी: उघडलं.

मावशी: ते ‘कितीही काळजी घेतली तरी’ आहे ना, त्याच्या खाली नवी ओळ घे. मी सांगते ते लिही. ‘माझ्या बहिणीची जखम माझ्यामुळे झाली. मला ताप होता, मी गजर बंद केला, आणि सोळा-सतरा तास तिला वळवलं नाही. त्या रात्री मला फोन करता आला असता. तुम्ही आजारी पडलात तर फोन करा. कोणालाही करा. ज्याच्यावर रुसलात, त्यालाही करा.’ झालं?

चिंगी: ‘रुसलात त्यालाही करा’. झालं.

मावशी: आता ते मुलीचं वाक्य काढून टाक.

चिंगी: नको.

मावशी: काढ म्हणते ना.

चिंगी: असू दे मावशी. अशा मुली बऱ्याच असतील. वाचतील.

मावशी: मग निदान नाकाच्या रुमालाचं तरी काढ.

चिंगी: तेच राहू दे. त्याच्यावरूनच मी स्वतःला ओळखलं.

मावशी: हट्टी आहेस. ताईसारखी. ...आणि खाली काय लिहायचं म्हणालीस? मी कोण ते?

चिंगी: हो. ‘एक मावशी’ पुरत नाही. सहा वर्षं घरी पेशंट सांभाळला, असं सरळ लिहूया. तुझ्या ओळखीच्या त्या नर्सबाई आहेत ना, त्यांनी पानं वाचली तर त्यांचंही लिहू. काढलेली दोन पानं आधी त्यांना दाखव, मग परत टाक. आणि फोटो हवेत. तू खरंच हे करतेस, ते दिसायला हवं.

मावशी: फोटो कशाचे काढू? ताई होती तेव्हा सुचलं नाही, सुचलं असतं तरी काढले नसते. आता कोणाला आडवं करू? त्या झेरॉक्सवाल्याला?

चिंगी: मी होते आडवी.

मावशी: तू?

चिंगी: या कॉटवर. मोबाईल इथे डब्याला टेकवून ठेवते, व्हिडिओच घेऊ. कूस कशी बदलायची त्याचा. बस वळवणाऱ्या काकांना पण पाठवता येईल. उशा कुठे आहेत?

मावशी: आत कपाटात, खालच्या खणात. ती लांबट आण, आणि दोन छोट्या. ...हं, हो आडवी. उताणी. चष्मा काढ. आता एक ऐक, तू काही करायचं नाहीस. अंग सैल सोडायचं. पेशंट मदत करत नसतो.

चिंगी: जड आहे मी.

मावशी: माझं काम आहे ते. आधी हा हात छातीवर. हा पाय दुसऱ्या पायावर असा. माझा एक हात तुझ्या खांद्यामागे, एक कमरेमागे. मी ओढत नाही, माझं वजन मागे टाकते, की माणूस आपोआप वळतं. मान सोड, चिंगे. धरून ठेवलीयेस. सोड. हां. ...आली बघ कुशीवर. कुठे दुखलं का?

चिंगी: नाही.

मावशी: मग रडतेस कशाला? व्हिडिओ चालू आहे.

चिंगी: चालू दे. आईलाही असंच विचारायचीस? दुखलं का म्हणून?

मावशी: दर वेळी.

चिंगी: पण तिला बोलता कुठे येत होतं?

मावशी: नव्हतं येत. मी विचारायचे, थोडी थांबायचे, आणि मग उशी लावायचे.